स्पर्धेच्या रोबोटसाठी ड्राइव्ह ट्रेन कशी निवडावी

विद्यार्थ्यांचा संघ रोबोट बनवायला बसतो तेव्हा चर्चा बहुधा हातापासून सुरू होते. वस्तू कशी उचलायची, किती उंच न्यायची, कुठे सोडायची यावर फळा भरून जातो. चाकांचा विषय शेवटी निघतो आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते, कारण गेल्या वर्षी जिंकलेल्या रोबोटला मेकॅनम, म्हणजे तिरप्या रोलरांची, आडवेही सरकू देणारी चाके होती. दोन-अडीच मिनिटांच्या सामन्यात हात काही सेकंदच काम करतो, चाके मात्र जवळजवळ सगळा वेळ फिरत असतात. हात बंद पडला तर रोबोट निदान समोरच्याची वाट अडवू शकतो. चाके बंद पडली तर तो मैदानातला अडथळा होऊन बसतो. म्हणून निर्णयाची सुरुवात चाकांपासून करावी आणि तीही चाकांचा प्रकार न ठरवता करावी.

ड्राइव्ह ट्रेन म्हणजे केवळ चाके नव्हेत. मोटर, तिचा गिअरबॉक्स, साखळी किंवा बेल्ट, शाफ्ट, बेअरिंग, चाक आणि हे सगळे ज्या सांगाड्यावर बसते तो सांगाडा, एवढे सगळे मिळून ती होते. यांपैकी सर्वांत कच्चा भाग कोणता, त्यावर रोबोट किती चालेल हे ठरते.

नियमावलीतून काय काढून घ्यावे

स्पर्धेची नियमावली सगळ्यांनीच वाचायची असते, पण ड्राइव्ह ट्रेनसाठी एकाने ती वही घेऊन वेगळी वाचावी आणि पुढील गोष्टी लिहून काढाव्यात: सुरुवातीच्या मापाची मर्यादा, वजनाची मर्यादा, मोटरींची कमाल संख्या किंवा एकूण वॅट, बॅटरीचा प्रकार, मुख्य फ्यूज किंवा ब्रेकर किती अँपिअरचा, मैदानाचा पृष्ठभाग कोणता आणि प्रतिस्पर्ध्याला ढकलण्याची मुभा कितपत. हे आकडे हंगामागणिक बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या वहीवर विसंबू नये.

या ओळी कोरड्या वाटतात, पण निम्मा निर्णय त्यांतच दडलेला असतो. फर्स्ट टेक चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेचे मैदान १२ फूट बाय १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६६ मीटरचे असते, त्यावर फोमच्या फरशा असतात आणि बॅटरीच्या वायरीवर २० अँपिअरचा फ्यूज असतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये मैदान त्याहून कितीतरी मोठे, पृष्ठभाग गालिच्याचा, बॅटरी मोटारसायकलच्या धाटणीची १२ व्होल्टची आणि मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा असतो. एका स्पर्धेत उत्तम ठरलेली रचना दुसरीत तशीच उचलून ठेवली तर ती का फसते, याचे उत्तर बहुतेक वेळा या दोन वाक्यांत मिळते.

मैदान कागदावर काढावे आणि वाटा मोजाव्यात

यानंतर मैदानाचा प्रमाणबद्ध आराखडा एका मोठ्या कागदावर काढावा, रोबोटच्या मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून घ्यावा आणि तो कागदावर सरकवत एक पूर्ण सामना खेळून पाहावा. वस्तू उचलण्याच्या जागेपासून टाकण्याच्या जागेपर्यंत किती सेंटिमीटर, वाटेत किती वळणे, शेवटी नेमके समोर येण्यासाठी किती आडवे सरकावे लागते आणि हे सामन्यात किती वेळा होते, याची नोंद करावी. पुठ्ठा हातात असला की वाद लवकर मिटतात. ‘आपल्याला आडवे जावेच लागेल’ असे ठासून सांगणारा विद्यार्थी स्वतःच पुठ्ठा फिरवून पाहतो आणि थोडे वळून, पुढे जाऊन तेच काम होते हे त्याला दिसते. कधी उलटेही होते: भिंतीलगत ओळीने मांडलेल्या वस्तू उचलायच्या असतील, तर प्रत्येक वस्तूसाठी मागे येणे, वळणे आणि पुन्हा पुढे जाणे किती महागात पडते हे तोच पुठ्ठा दाखवतो.

या मोजमापातून वेगाचा प्रश्न सुटू लागतो. वेगाचे सूत्र साधे आहे. चाकाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना ६० ने भागावे आणि चाकाच्या परिघाने गुणावे. मोटरच्या बाहेरच्या शाफ्टच्या मिनिटाला ३१२ फेऱ्या होत असतील आणि चाक ९६ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर सेकंदाला ५.२ फेऱ्या होतात. परिघ ३०.१ सेंटिमीटर आहे, म्हणून वेग सेकंदाला सुमारे १.५७ मीटर येतो. हा बिनभाराचा वेग झाला. प्रत्यक्षात घर्षण आणि वजन यांमुळे यातला दहा ते वीस टक्के भाग गळतो असे धरावे.

आता बहुतेक संघ इथे फसतात. वेग वाढवायचा म्हणून ते गिअर बदलतात आणि रोबोट कागदावर सेकंदाला २.४ मीटर धावू लागतो. पण गिअरने वेग १.६ पट वाढवला की चाकावरचा रेटा १.६ पटीने घटतो, आणि रेटा घटला की वेग घेण्याची क्षमताही त्याच प्रमाणात घटते. समजा, आराखड्यावर मोजलेली नेहमीची धाव २ मीटरची आहे. आधीच्या गिअरमध्ये रोबोट दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेतो, कमाल १.५ मीटर प्रति सेकंद गाठतो आणि थांबतानाही त्याच दराने वेग कमी करतो असे मानू. ही धाव त्याला सुमारे १.८३ सेकंद लागते. ‘वेगवान’ गिअरमध्ये वेग घेण्याचा दर १.८८ वर येतो. दोन मीटरच्या धावेत रोबोट अर्ध्या वाटेपर्यंत वेग घेत राहतो, १.९४ च्या आसपास पोहोचतो आणि लगेच थांबायला सुरुवात करतो, २.४ चा वेग त्याला कधी मिळतच नाही. एकूण वेळ होतो सुमारे २.०७ सेकंद. म्हणजे वेगवान केलेला रोबोट हळू झाला, वर चालकाच्या हातात आवरायला अवघडही झाला. मैदान लहान असेल तर हा हिशोब केल्याशिवाय गिअर बदलू नये. लांब मैदानावर, जिथे एका दमात सात-आठ मीटर धावायचे असते, तिथे हेच गणित उलट बाजूने झुकते.

प्रकार निवडण्यापेक्षा प्रकार बाद करावेत

तक्ता आखून प्रत्येक प्रकाराला दहापैकी गुण देण्याची पद्धत अनेक संघांत असते. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही, कारण ज्याला स्वर्व्ह (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवणारी रचना) हवा असतो तो गुण असे देतो की बेरीज स्वर्व्हचीच जास्त येते. त्यापेक्षा प्रत्येक प्रकाराला एक-दोन कठोर प्रश्न विचारावेत आणि उत्तर नकारार्थी आले की तो प्रकार बाद करावा.

पट्ट्यांची रचना, म्हणजे रणगाड्यासारखे ट्रॅक, फक्त तेव्हाच विचारात घ्यावी जेव्हा मैदानात चढायला-उतरायला अडथळे आहेत आणि ते मोठ्या चाकांनी पार होत नाहीत. सपाट मैदानावर ट्रॅक म्हणजे जास्त घर्षण, जास्त वजन आणि वळताना पट्टा निसटण्याची भीती.

एच रचना म्हणजे कडेला ऑम्नी चाके (परिघावर आडवे रोलर असल्याने बाजूलाही सरकणारी चाके) आणि मधे आडवे एक चाक. आडवे सरकणे क्वचित आणि थोडेच लागत असेल तर ती बरी. मधले चाक जमिनीला पुरेसे दाबले जात नाही, ही तिची नेहमीची तक्रार असते. ते चाक स्प्रिंगवर बसवले तर तक्रार कमी होते, पण एक नवा सुटा भाग वाढतो.

चारही कोपऱ्यांवर ४५ अंशांत ऑम्नी चाके बसवलेली फुलीची रचना पुढे-मागे आणि आडवी सारखीच चालते आणि तेवढ्याच फेऱ्यांत सुमारे १.४१ पट वेग देते. अर्थात रेटा त्याच प्रमाणात कमी होतो. ती कोपऱ्यांतली जागा खाते, त्यामुळे समोर रुंद तोंडाचे उचलयंत्र बसवायचे असेल तर बहुधा इथेच थांबावे लागते. जाता जाता, ऑम्नी चाकाच्या मूळ कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९१९ सालचे आहे. परिघावर आडव्या रोलरांची ही युक्ती वाटते तितकी नवी नाही.

स्वर्व्हमध्ये प्रत्येक चाक स्वतःभोवती वळते आणि स्वतंत्रपणे फिरते. चार चाकांना आठ मोटरी किंवा चार मोटरी आणि चार सर्व्हो (कोन ठरवून वळवता येणाऱ्या छोट्या मोटरी) लागतात. इथे पहिला प्रश्न असा: ड्राइव्ह ट्रेनला एवढ्या मोटरी दिल्यावर नियमानुसार हातासाठी किती उरतात? जिथे आठच मोटरींची परवानगी असते, तिथे आठही चाकांना देऊन टाकणे म्हणजे घर बांधून दार विसरणे होय. दुसरा प्रश्न: प्रत्येक चाकाचा कोन बंद-चालू केल्यावरही लक्षात ठेवणारे अचूक एन्कोडर आणि ते वाचून चाके फिरवणारा प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी संघात आज आहे का? ‘तोपर्यंत शिकेल’ हे उत्तर नकारातच धरावे. दोन्ही प्रश्नांना होकार असेल तर स्वर्व्हइतके चपळ दुसरे काही नाही, कारण त्यात साध्या रबरी चाकाची पकड आणि सर्व दिशांची मोकळीक एकत्र मिळते.

उरतात दोन प्रकार. बहुतेक संघांची खरी निवड या दोनांतच असते: दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळणारी टँक रचना आणि मेकॅनम.

टँक रचना आणि वळण्याचे गणित

टँक रचना सर्वांत सोपी समजली जाते आणि तशी ती आहेही, पण चार रबरी चाके कोपऱ्यांवर ठोकून दिली की काम झाले असे नाही. वळताना ही चाके आडवी घासत जातात. घासण्याचा विरोध पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर अवलंबून असतो आणि वळवणारा जोर डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर. सगळ्या चाकांची पकड सारखी मानली, तर ढोबळ हिशोबाने रोबोट जागच्या जागी वळण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर पुढच्या-मागच्या अंतरापेक्षा जास्त हवे. दोन्ही अंतरे जवळपास सारखी असतील तर रोबोट वळतो, पण हिसके देत, उड्या मारत वळतो. लांबट आणि अरुंद रोबोट वळतच नाही; मोटरी घुमतात, फ्यूज तापतो आणि विद्यार्थी प्रोग्रामातली चूक शोधत बसतात.

यावर दोन जुने उपाय आहेत. पहिला म्हणजे एका टोकाची दोन चाके ऑम्नी करणे. ऑम्नी चाक आडवे सहज सरकते, त्यामुळे रोबोट रबरी चाकांच्या आसाभोवती वळतो. उपाय सोपा आहे, पण वळण्याचा मध्य रोबोटच्या मध्यावर राहत नाही, हे चालकाला आधीच सांगावे. शिवाय ऑम्नीच्या टोकावर बाजूने धक्का बसला तर ते टोक सहज ढकलले जाते.

दुसरा उपाय म्हणजे सहा चाके लावून मधली जोडी किंचित खाली बसवणे. सुमारे ३ मिलिमीटर पुरतात. मग एका वेळी मधली दोन आणि एका टोकाची दोन अशी चारच चाके जमिनीला टेकतात, टेकलेल्या चाकांमधले अंतर निम्मे होते आणि रबराची पूर्ण पकड राखूनही रोबोट लोण्यासारखा वळतो. बदल्यात तो पुढे-मागे थोडा डुलतो. उंच हात असलेल्या रोबोटला हे डुलणे नकोसे होते, कारण तळाशी ३ मिलिमीटरची झोकांडी मीटरभर उंचीवर सेंटिमीटरांत जाते. मैदान रेटारेटीचे असेल आणि हात बुटका असेल, तर सहा चाकांच्या या रचनेपेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

मेकॅनम: सोय आणि तिची किंमत

मेकॅनम चाकाच्या परिघावर ४५ अंशांत तिरपे रोलर असतात. स्वीडिश अभियंता बेंग्ट इलॉन याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली. चार चाके चार मोटरींनी स्वतंत्र फिरवली की रोबोट पुढे, आडवा, तिरपा आणि वळत असा हवा तसा जातो. सांगाडा चौकोनी राहतो, मोटरी चारच लागतात, म्हणूनच ही चाके इतकी लोकप्रिय आहेत.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. रोलर स्वतःच्या आसाभोवती मोकळा फिरतो, त्यामुळे जमीन त्याला फक्त त्याच्या आसाच्या दिशेने रेटू शकते. पुढे जाताना या रेट्याचा सुमारे ७० टक्के भागच कामी येतो. रोलरचे रबर बहुधा चाकाच्या रबरापेक्षा कडक असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळतो. रबरी चाकांच्या रोबोटने बाजूने धक्का दिला तर मेकॅनमवाला रोबोट सरकतोच.

दुसरी किंमत सांगाड्याची असते. मेकॅनमच्या चारही चाकांवर जवळपास सारखे वजन हवे. एक चाक अधांतरी राहिले की त्याचा वाटा नाहीसा होतो आणि आडवा सरकणारा रोबोट हळूच वळू लागतो. आमच्या संघात एका हंगामात नेमके हेच झाले. रोबोट उजवीकडे सरकताना नाक फिरवायचा. तीन संध्याकाळी प्रोग्राममध्ये आकडे बदलण्यात गेल्या. चौथ्या दिवशी एका विद्यार्थिनीने वहीच्या कागदाच्या चार पट्ट्या कापल्या, प्रत्येक चाकाखाली एकेक सरकवली आणि एकेक करून ओढून पाहिली. तीन पट्ट्या फाटतील इतक्या घट्ट होत्या, चौथी अलगद बाहेर आली. बॅटरी एका कोपऱ्यात बसवलेली होती, सांगाडा पिळला गेला होता आणि समोरच्या कोपऱ्यातले चाक जमिनीला जेमतेम स्पर्श करत होते. बॅटरी मधे घेतली, सांगाड्याला एक तिरपी पट्टी मारली आणि प्रोग्राममधले सगळे बदल काढून टाकले. तेव्हापासून कागदाची पट्टी आमच्या पेटीत पान्याच्या शेजारी असते.

चाके बसवतानाची नेहमीची चूकही सांगून ठेवतो. मेकॅनममध्ये डावी आणि उजवी अशा दोन जाती असतात. रोबोटकडे वरून पाहिले असता वरच्या रोलरांच्या रेषांनी फुली दिसली पाहिजे. जमिनीला टेकलेल्या रोलरांची आकृती मग पत्त्यातल्या चौकटसारखी होते. चाके उलटसुलट लागली तर रोबोट पुढे-मागे छान चालतो आणि त्यामुळे चूक लपून राहते; वळायला सांगितले की मात्र जोर जवळपास नाहीसा होतो.

प्रोग्रामचा गाभा चार ओळींचा आहे. पुढच्या डाव्या चाकाला ‘पुढे अधिक उजवीकडे अधिक वळण’, पुढच्या उजव्याला ‘पुढे उणे उजवीकडे उणे वळण’, मागच्या डाव्याला ‘पुढे उणे उजवीकडे अधिक वळण’ आणि मागच्या उजव्याला ‘पुढे अधिक उजवीकडे उणे वळण’ एवढी ताकद द्यायची. यांतला कोणताही आकडा १ च्या पुढे गेला तर चारही आकड्यांना त्यातल्या सर्वांत मोठ्याने भागावे. हा भागाकार विसरला की रोबोट पूर्ण वेगात वाकडा जातो, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या चाकांवर येतो.

रेटा, वीज आणि फ्यूज

प्रकार ठरल्यावर गिअर पक्का करण्याआधी एक हिशोब न चुकता करावा. अडकलेल्या रोबोटची चाके आधी घसरतील, मोटर आधी थांबेल की फ्यूज आधी उडेल, हे त्यातून कळते.

समजा, रोबोट १५ किलोचा आहे आणि रबरी चाकांचा जमिनीशी घर्षणांक १ च्या आसपास आहे. म्हणजे चाके जास्तीत जास्त १५ किलो वजनाइतका रेटा देऊ शकतात. त्यापुढे ती जागच्या जागी घसरतात. आधीच्या हिशोबातली ३१२ फेऱ्यांची मोटर पूर्ण अडकल्यावर तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २४ किलो-सेंटिमीटर आणि तेव्हा ती घेते ९.२ अँपिअर, असे तिच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. चाकाची त्रिज्या ४.८ सेंटिमीटर. टॉर्कला त्रिज्येने भागले की प्रत्येक चाकावर ५ किलोचा आणि चार चाकांवर मिळून २० किलोचा रेटा येतो. चाके १५ वरच घसरतात, म्हणजे मोटर पूर्ण अडकण्याआधी चाके घसरतील. हे चांगले लक्षण आहे, कारण घसरणारे चाक मोटरला जळण्यापासून वाचवते.

पण इथे थांबू नये. घसरण्याच्या क्षणी मोटर आपल्या पूर्ण टॉर्कच्या तीन-चतुर्थांशावर असते, म्हणून वीजही तितक्याच प्रमाणात, सुमारे ६.९ अँपिअर घेते. चार मोटरींचे साडेसत्तावीस अँपिअर झाले आणि फ्यूज आहे २० चा. फ्यूज तापून उडतो, त्यामुळे क्षणभराच्या धडकेत काही होणार नाही. सलग काही सेकंद रेटारेटी झाली तर मात्र रोबोट मैदानाच्या मधोमध गप्प होईल. वीज २० च्या आत ठेवायची तर प्रत्येक मोटरला ५ अँपिअर मिळतात, आणि त्यासाठी गिअर सुमारे १.४ पट हळू करावा लागतो. ३१२ ऐवजी २२५ फेऱ्यांच्या आसपासची मोटर घेतली की वेग सेकंदाला १.१३ मीटरवर येतो. एवढा वेग सोडायचा नसेल तर प्रोग्राममध्ये ताकदीवर मर्यादा घालावी आणि चालकाला सलग ढकलत राहू नये अशी सवय लावावी.

हाच हिशोब मेकॅनमवर केला तर गंमत दिसते. तिथे चाके सुमारे साडेदहा किलोवरच घसरतात, चार मोटरी मिळून १९ अँपिअरच्या आसपास घेतात आणि फ्यूज वाचतो. मेकॅनमची कमी पकड इथे नकळत संरक्षण होऊन बसते. त्याच मोटरी ठेवून फक्त चाके रबरी केली आणि फ्यूज उडू लागला, असे झालेल्या संघांना ही मेख लक्षात येईपर्यंत दोन-तीन बॅटऱ्या बदलून झालेल्या असतात.

घर्षणांक पुस्तकातून घेऊ नये. रोबोटचा सांगाडा आणि चाके त्याच पृष्ठभागावर ठेवावीत, चाके दोरीने बांधून फिरू देऊ नयेत आणि स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढावे. सरकायला लागतो तेव्हा काट्यावर जो आकडा दिसतो त्याला वजनाने भागले की घर्षणांक हाती येतो. धुळीने माखलेल्या चाकांवर हाच प्रयोग पुन्हा केला की सामन्याआधी चाके ओल्या फडक्याने पुसायची सवय आपोआप लागते.

साखळी, बेल्ट आणि शाफ्ट

मोटर थेट चाकावर बसवणे सोपे दिसते, पण मग रोबोटचे वजन आणि प्रत्येक धडक गिअरबॉक्सच्या बारीक शाफ्टवर येते. शक्यतो चाक स्वतःच्या शाफ्टवर ठेवावे, त्या शाफ्टला दोन्ही बाजूंनी बेअरिंगचा आधार द्यावा आणि मोटरचा जोर साखळीने, बेल्टने किंवा गिअरने त्यापर्यंत न्यावा. एकाच बाजूने धरलेला शाफ्ट दोन सामन्यांत वाकतो आणि वाकलेले चाक डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते.

साखळी लांबी बदलायला सोपी आणि चुका माफ करणारी असते, पण ताणली जाते. म्हणून ताण देण्याची सोय हवी. दातेरी बेल्ट हलका आणि शांत असतो, मात्र दोन पुलींमधले अंतर आधी बरोबर काढावे लागते. पुली सारख्या असतील तर बेल्टच्या लांबीतून पुलीच्या दातांची संख्या गुणिले दातांमधले अंतर एवढे वजा करावे आणि उरलेले निम्मे करावे. ५ मिलिमीटर अंतराच्या १०० दातांचा बेल्ट आणि २४ दातांच्या पुली असतील तर ५०० मधून १२० वजा जाऊन ३८० उरतात, म्हणजे शाफ्टमधले अंतर १९० मिलिमीटर. भोके पाडण्याआधी हा आकडा दोघांनी स्वतंत्रपणे काढावा.

गोल शाफ्टवर बारीक स्क्रूने धरलेली चाके टाळावीत. ते स्क्रू थरथरीने सैल होतात आणि नेमके दुसऱ्या सामन्यात मोटर फिरते, चाक नाही. षट्कोनी शाफ्ट किंवा सर्व बाजूंनी आवळणारा हब (चाकाला शाफ्टशी जोडणारा मधला भाग) घ्यावा.

बांधल्यावर काय तपासावे

हात बसवण्याआधी ड्राइव्ह ट्रेन एकटी चालवून पाहावी. मोटर जोडण्याआधी प्रत्येक चाक बोटाने फिरवावे; ते सहज फिरून आपणहून थांबले पाहिजे. कुठे अडत असेल तर बहुधा बेअरिंग तिरपे बसलेले असते किंवा साखळी गरजेपेक्षा घट्ट असते. नंतर रोबोट ठोकळ्यावर उचलून चारही चाके एकाच ताकदीने फिरवावीत आणि ऐकावे. एका चाकाचा आवाज वेगळा येत असेल तर तिथे काहीतरी घासते आहे.

मग जमिनीवर ठेवून सरळ तीन मीटर चालवावा आणि किती सेंटिमीटर बाजूला गेला ते मोजावे. डावीकडे आणि उजवीकडे पाच-पाच पूर्ण फेऱ्या मारून दोन्हींना लागणारा वेळ पाहावा. मोठा फरक असेल तर वजन एका बाजूला झुकलेले आहे. यानंतर हातात येणार आहे तेवढे वजन वाळूच्या पिशवीने वर बांधून हेच पुन्हा करावे, कारण उंच वजनाने रोबोटची वागणूक बदलते आणि जोरात थांबल्यावर तो पुढे कलतो की नाही हे आताच समजलेले बरे. शेवटी भिंतीला टेकवून एक-दोन सेकंद पूर्ण ताकद द्यावी. चाके घसरली तर हिशोब बरोबर आहे. मोटरी नुसत्या घुमल्या तर लगेच बंद करून गिअरकडे परत जावे.

हंगामाच्या पहिल्या एक-तृतीयांश काळात ही चाचणी पूर्ण झाली नाही तर निवडलेला प्रकार सोडून त्याखालच्या सोप्या प्रकाराकडे यावे, हे संघाने सुरुवातीलाच लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. स्वर्व्ह जमला नाही तर मेकॅनम, मेकॅनम जमले नाही तर सहा चाकांची टँक रचना. त्या दिवशी हा निर्णय घेणे जड जाते, कारण अर्धवट झालेल्या कामात सगळ्यांचा जीव अडकलेला असतो. सही आधी असली की वाद होत नाही. वाचलेले दिवस चालकाला द्यावेत. वीस तास सराव केलेला चालक टँक रचनेवर जे करतो ते दोन तास सराव केलेला चालक मेकॅनमवर करू शकत नाही.

स्पर्धेला निघण्याआधी एक चाक त्याच्या शाफ्ट, बेअरिंग आणि पुलीसकट पूर्ण जोडून पिशवीत ठेवावे आणि घड्याळ लावून ते बदलण्याचा सराव करावा. दहा मिनिटांत बदलता आले नाही तर कोणता स्क्रू वाटेत येतो ते पाहावे आणि तो स्क्रू आजच बाहेरच्या बाजूला घ्यावा.